पूर्णगडचा तांबडा माठ आणि माझी सही

कोकणातली माती आंबट असते, हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा उच्चारलं की माझ्या निरोपसमारंभात सगळ्या सहकाऱ्यांनी ते एका सुरात म्हणून दाखवलं. मी वरवर हसले, पण मनातून चिडले होते. एक तर ते वाक्य खरं आहे. दुसरं, त्यातल्या निम्म्या लोकांना माती आंबट असते म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

मी रत्नागिरीच्या मातीपरीक्षण प्रयोगशाळेत होते. लग्नाच्या बोलण्यांत आईने ‘मुलगी केमिस्ट आहे’ असं अभिमानाने सांगितलं, तेव्हा समोरच्या मंडळींनी दुकान कुठे आहे ते विचारलं. ते स्थळ तिथेच बारगळलं, आणि मी आयुष्यभर ‘मातीवाल्या बाई’ राहिले. काम साधं होतं. लोक पिशवीतून माती आणायचे. तिचा आंबटपणा किती, नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती हे आम्ही मोजायचो आणि जमिनीत काय घालावं ते लिहून द्यायचो. गिऱ्हाइकं मात्र साधी नव्हती. पालीच्या एका दुकानदाराने दोन पिशव्या आणल्या, एक स्वतःच्या जमिनीची आणि एक भावाच्या. आपली माती भावाच्या मातीपेक्षा बरी आहे, एवढं त्याला शिक्क्यासह लिहून हवं होतं. मंडणगडच्या एका मास्तरांनी श्रीखंडाच्या डब्यातून माती पाठवली. नंतर त्यांची तीन पोस्टकार्डं आली आणि तिन्हींत डबा परत मागितलेला होता. मातीचं काय झालं हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

अशा कामात माणूस हळूहळू तुसडा होतो. मीही झाले. आपल्याला सगळं कळतं आणि पिशवी घेऊन येणाऱ्याला काही कळत नाही असं मला वाटायला लागलं होतं. ते खूळ पूर्णगडच्या भागीरथीकाकीने काढलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पूर्णगडला काही माड पिवळे पडले होते म्हणून तिथली माती घ्यायला मी एसटीने गेले होते. काम आटपून परत निघताना तहान लागली आणि मी वाटेवरच्या एका घरी पाणी मागितलं. ते घर भागीरथीकाकीचं. काकी पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. तिचा नवरा तात्या होडीवर जायचं सोडून बरीच वर्षं झाली होती. जाळ्यांना बांधायच्या शिशाच्या गोळ्या ओतायचं तरुणपणापासूनचं काम तेवढं त्याने चालू ठेवलं होतं. जाळं पाण्यात नीट बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिसं लागतं. तात्या गॅरेजवाल्यांकडून जुन्या बॅटरीच्या पत्र्या आणायचा, परसात तीन दगडांवर लोखंडी कढई ठेवून त्या वितळवायचा आणि मातीच्या साच्यांत ओतायचा. आसपासच्या गावांतली माणसं गोळ्या न्यायला त्याच्याकडेच येत. तात्याची गोळी कधी चिरली नाही, हे त्याने मला पाणी पिऊन होईपर्यंत दोनदा सांगितलं.

त्या चुलीपासून चार पावलांवर काकीचा तांबड्या माठाचा वाफा होता. माठ असा तजेलदार की आमच्या खात्याने फोटो काढून भिंतीला लावावा. काकी त्याच्या जुड्या बांधून गावात आणि बाजारात विकायची. मुलगे मुंबईला होते, पण मीठ-मसाल्याला त्यांच्याकडे हात पसरायचा नाही हा तिचा बाणा त्या वाफ्यावर उभा होता. मी भाजीचं कौतुक करतेय तोच तात्याने कढईवरची काळी मळी पळीने काढली आणि सहज, शेकोटीची राख टाकावी तशी, माठावर भिरकावली.

मी विचारलं, हे काय? काकी म्हणाली, त्याने गोगलगाई येत नाहीत. किती वर्षं टाकताय? लग्न झाल्यापासून, ती म्हणाली. मळीमुळेच तिच्या माठाला रंग चढतो अशी तिची खात्री होती.

बसचा हॉर्न वाजला. मी धावतधावत काकीला सांगितलं की त्या वाफ्यातली माती एका पिशवीत भरून माझ्या नावाने पाठवून द्या. स्वतः थांबून माती काढायला पाहिजे होती. पुढची बस दोन तासांनी होती म्हणून मी थांबले नाही. या हकिकतीतला पहिला गाढवपणा माझा आहे, तो आधीच कबूल करते. काकीने बसच्या खिडकीतून माझ्या हातात माठाची जुडी कोंबली, कारण घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं.

ती जुडी तपासायला पाठवावी हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं, तेव्हा अर्धी जुडी आदल्या रात्रीच आमच्या पोटात गेली होती. भाजी उत्तम झाली होती. शिशाला चव नसते. उरलेली अर्धी मी वर्तमानपत्रावर पसरून वाळवायला घेतली, तर आई म्हणाली, एवढी ताजी भाजी, आणि तू तिचं वाळवण घालतेस. मी काही समजावत बसले नाही. आमच्याकडे शिसं मोजायचं यंत्र नव्हतं. माझी वर्गमैत्रीण पुष्पा पुण्याला एका मोठ्या प्रयोगशाळेत होती, तिच्याकडे होतं. साहेबांच्या नकळत तिला पार्सल करायचं ठरवलं.

आठवड्याने एसटीच्या कंडक्टरबरोबर काकीची माती आली. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेली आणि वर लाल दोरा. काळीभोर, भुसभुशीत, खडा म्हणून नाही. मी आमच्याकडच्या चाचण्या केल्या तर माती आंबटसुद्धा नव्हती. एका बाजूला थोडं हळदीकुंकवासारखं काहीतरी दिसत होतं. कोकणातली माती आंबट असते हे गावभर सांगत फिरणाऱ्या बाईच्या डोक्यात इथे प्रकाश पडायला हवा होता. मी वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं आणि थोडी माती पुष्पाकडे पाठवून दिली.

मातीचा निकाल आधी आला. शिसं नावालाही नाही. मी खूश झाले आणि आमच्या कागदावर, शिक्क्यानिशी, भागीरथीकाकीला पत्र धाडलं की आपली जमीन अतिशय चांगली आहे. पुढे कळलं की शाळेच्या गुरुजींनी ते वाडीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि तात्याने त्याला काच बसवून ते देवांच्या तसबिरींच्या ओळीत लावलं.

मग दोन महिन्यांनी पानांचा निकाल आला. पुष्पाने आकड्याखाली दोनदा रेघ मारली होती आणि विचारलं होतं, ही भाजी कोण खातंय?

मी आकडा पाहिला आणि माझा हात पोटावर गेला. पोट तेच, ज्यात अर्धी जुडी गेली होती. साहेबांना सांगावं लागलं. आमचे साहेब घाटावरचे. रत्नागिरीत चार वर्षं काढूनही मासळी बाजाराच्या रस्त्याने जायचं म्हटलं की ते रुमाल काढत. ते म्हणाले, आपला आंब्याचा जिल्हा, इथे शिसं कुठलं. मग म्हणाले, छापील तक्त्यात शिशाचा रकाना नाही. मी म्हटलं, ‘इतर’मध्ये टाकू. त्यावर त्यांनी मला पूर्णगडला जायची परवानगी दिली, पण कारण लिहिलं ‘माड’.

काकीने मला पाहिलं आणि आधी काचेतलं पत्र दाखवायला आत नेलं. शेजारी दत्तगुरू होते. त्या पत्राखाली उभं राहून, ते चुकीचं आहे हे सांगायची वेळ माझ्यावर आली. मी विचारलं, काकी, तुम्ही पाठवलेली माती नक्की वाफ्यातलीच होती ना?

काकीला प्रश्नच विचित्र वाटला. “बाय, सरकाराकडं धाडायची माती,” ती म्हणाली. “परसातली कशी धाडू? त्यात कोंबड्या फिरतात. तुळशीचं लगीन झालं तवा वृंदावनात नवी माती भरलेली, चाळून. म्हटलं, तीच द्यावी.”

पाहुण्याला कपबशी देताना कान तुटलेली कोण देतं? काकीने सरकारला घरातली सगळ्यांत चांगली माती दिली होती. मी तुळशीवृंदावनाला आरोग्याचं प्रमाणपत्र दिलं होतं, आणि त्याच्या जोरावर ही माणसं दोन महिने ती भाजी निर्धास्तपणे खात होती. मला रागही आला आणि हसूही आलं, आणि या दोन्हींच्या खाली लाज होती ती वेगळीच. धावताधावता सांगण्याऐवजी ‘वाफ्यातलीच, पाच ठिकाणची, वीतभर खोलीची’ एवढं चिठ्ठीवर लिहून द्यायला मला काय धाड भरली होती? माती कशासाठी हवी तेही मी सांगितलंच नव्हतं.

या वेळी पदर खोचून मी स्वतः माती काढली. वाफ्यातली काढली, आणि तुलनेसाठी त्यांच्या टेकडीखालच्या भाताच्या कुणग्यातलीही, म्हणजे लहानशा खाचरातलीही, काढली, कारण तिथे कढई कधी गेली नव्हती. मग दोघांना अंगणात बसवून सांगितलं की शिसं अंगात साठतं, बाहेर जायचं नाव घेत नाही, आणि पोटातल्या बाळाला तर फार वाईट.

तात्या उठला आणि ओटीवर गेला. ओटीवर त्यांचा बोका होता, त्याचं नाव साहेब, कारण तो खाऊन दिवसभर झोपायचा. तात्या त्याला म्हणाला, “साहेबा, बाईला सांग, चाळीस वर्सं शिसं हातात हाय. माका काय झालंय?” त्या दिवसापासून तात्या माझ्याशी थेट बोलायचा बंद झाला. जे काही सांगायचं ते बोक्याला. मीही हट्टी. उत्तर बोक्यालाच द्यायची. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर माझ्या नोकरीबद्दल त्याचं मत बरं झालं नसतं.

काकी बोलली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच लहान वाटला. तिची लेक सुली मंडणगडला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आता दिवस राहिले होते. मे महिन्यात बाळंतपणाला येणार होती. तिकडच्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि काकीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की सुलीला रोज तांबडा माठ घालायचा. तांबडं खाल्लं की रक्त वाढतं. तो आख्खा वाफा तिने लेकीसाठी मनात राखून ठेवला होता.

“मंग ह्यो वाफा बरा करून देताव?” काकीने विचारलं.

मी म्हटलं, प्रयत्न करू. काकी म्हणाली की तुमची सही होईपर्यंत ह्या वाफ्यातलं एक पान सुलीच्या ताटात पडणार नाही. माझ्या सहीला इतका मान त्याआधी कोणी दिला नव्हता आणि नंतरही नाही.

आता हा धंदा थोडा समजावून सांगते. मातीत पडलेलं शिसं काढून टाकता येत नाही, निदान काकीच्या परसात तरी येत नव्हतं. पण त्याला जागच्या जागी बांधून ठेवता येतं. माती आंबट असली की शिसं पाण्यात उतरतं आणि मुळं ते पाण्याबरोबर पितात. चुना घातला की आंबटपणा मरतो आणि शिसं पाण्यात उतरायला मागत नाही. हाडांत आणि माशांच्या काट्यांत स्फुरद असतं, ते शिशाला घट्ट धरून ठेवतं. मुरलेलं शेणखतही धरून ठेवतं. म्हणजे चुना, काटे आणि शेण. पुण्याच्या लोकांना यासाठी गोण्या विकत आणाव्या लागल्या असत्या. पूर्णगडला खुब्यांच्या शिंपल्या भाजून चुना करणारी माणसं होती आणि काट्यांना तर तोटाच नव्हता.

या सगळ्याच्या आधी मळी टाकणं बंद करायचं. चूल परसातून हलवून खाडीच्या अंगाला न्यायची, वारा घराकडे येणार नाही अशी. हे मी बोक्याला सांगितलं. बोक्याने जांभई दिली, पण तिसऱ्या दिवशी चूल हलली होती आणि वाफ्यावरची मळीही वेचलेली होती.

आंबटपणा म्हणजे काय ते काकीला दाखवावं म्हणून मी पुढच्या फेरीला तपासणीच्या निळ्या कागदाच्या पट्ट्या नेल्या. मातीचं पाणी केलं, पट्टी बुडवली, ती तांबडी झाली. आंबट. अर्ध्या तासात वाडीतल्या बायका वाट्या घेऊन हजर. कोकमाचं आगळ तांबडं निघालं, ताक तांबडं निघालं, चिंचेचं तर विचारूच नका. पानाच्या डब्यातल्या चुन्याने तांबडी पट्टी परत निळी केली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि व्याख्यानाने झालं नसतं ते काम झालं. शेवटी एका सुनेने विचारलं की माणसाची जीभ चालेल का. तिची सासू शेजारीच उभी होती. मी पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि बसची वेळ झाली असं सांगितलं.

चुन्याचं नीट पार पडलं. काट्यांचं नाही. मी काकीला सांगितलं होतं, मासळीचे काटे वाळवा, भाजा, कुटा आणि पूड मातीत मिसळा. आठ दिवसांनी गेले तर वाडीच्या तोंडाशीच कळलं की काहीतरी बिनसलंय. वाफ्यावर गावातली सगळी मांजरं होती. कुत्री होती. कावळ्यांची सभा माडावर भरली होती. कोणी म्हणत होतं, पहाटे कोल्हापण येऊन गेला. वाफा सगळा उकरलेला आणि वास असा की शेजारणीने खिडकीला गोणपाट लावलं होतं. काकीने काट्यांच्या जागी डोकी-शेपट्यांसकट आख्खे बांगडे पुरले होते.

मी विचारलं, काकी, मी काटे म्हणाले होते ना?

“नुसते काटे?” काकी म्हणाली. “जमिनीकडनं येवढं मागायचं, नि तिला नुसते काटे घालायचे? बरं दिसतं ते?”

मी, काकी आणि दोन शेजारणी, चौघींनी दुपारभर ते बांगडे उकरून काढले. मांजरं आमच्याकडे वैऱ्यासारखी बघत होती. तात्या ओटीवरून साहेबाला म्हणाला की असला सरकारी कार्यक्रम त्याने जन्मात पाहिला नाही. परतीच्या बसमध्ये मी बसले आणि आजूबाजूची माणसं एकेक करून पुढे सरकत गेली. पावस गावापासून रत्नागिरीपर्यंत मागची आख्खी बाकं माझ्या एकटीची होती. कंडक्टरने तिकीट लांबूनच दिलं.

दुसऱ्या खेपेला सगळं मनासारखं झालं. भाजलेल्या काट्यांची पूड, शिंपल्यांचा चुना, शेणखत, आणि पाणी घालताना पानांवर माती उडू नये म्हणून वर भाताचा पेंढा. पालेभाजी शिसं पटकन घेते, फळभाज्या कमी घेतात, म्हणून अर्ध्या वाफ्यात मी पडवळ लावायला सांगितलं आणि अर्ध्यात चाचणीपुरता माठ. काकी रोज सकाळी त्या माठाशी बोलायची. तात्या मात्र आताशा दिसेनासा झाला होता. मी गेले की तो पाटी घेऊन टेकडीकडे निघालेला असायचा. मला वाटलं, मला टाळतोय. टाळेना का, मी मनात म्हटलं.

माठ हातभर झाला तशी पानं पुण्याला गेली. मे महिना उजाडला. सुली आल्याचं काकीने कंडक्टरबरोबर कळवलं आणि विचारलं, सही कधी?

निकाल आला त्या दिवशी साहेबांनी तो माझ्याआधी वाचला. शिसं खूप उतरलं होतं, मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. साहेबांचा चेहरा उजळला. कृषी प्रदर्शनात फलक लावू म्हणाले. आता ‘इतर’ रकान्याचा त्यांना अभिमान वाटू लागला होता. त्यांनी टाइप करून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. ‘सदर भाजी खाण्यास योग्य.’ खाली माझी सही हवी होती.

पुष्पाने निकालासोबत चिठ्ठी लिहिली होती. धडधाकट माणसाने आठवड्यातून एकदा खाल्ली तर मी काही म्हणणार नाही. पण रोज नको, आणि दोन जिवांच्या बाईला तर अजिबात नको. अजून एक-दोन वर्षं चुना घाला.

खरं सांगते, पेन माझ्या हातात होतं. टोपण काढलेलं होतं. तीन महिने मी त्या वाफ्यात घाम गाळला होता, मांजरांशी भांडले होते, बसमध्ये वाळीत पडले होते. प्रयोग यशस्वी झाला आहे असं मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि काकीला ‘हो’ म्हणायचं होतं. मग टोपण लावलं आणि साहेबांना म्हटलं, पडवळ खाण्यास योग्य असं लिहून आणा, त्यावर सही करते. साहेब म्हणाले, पडवळाचा फलक कोण बघणार. पुढे त्यांनी त्या फाइलवर ‘प्रयोग अपूर्ण’ असा शेरा मारला. तिसऱ्या वर्षी त्याच वाफ्यातला माठ चाचणीत चोख उतरला, पण तोवर साहेबांची बदली झाली होती आणि फाइल कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी तशीच बस पकडली. ‘नाही’ कसं सांगायचं याची वाक्यं वाटेत जुळवत होते आणि एकही बरं जुळत नव्हतं. पोचले तेव्हा दुपारची जेवणाची वेळ. दार उघडं होतं. आत पाटावर एक पोटुशी मुलगी बसली होती, समोर ताट, ताटात भात, आणि भाताशेजारी तांबड्या माठाच्या भाजीचा हा एवढा ढीग. तिने घास उचलला होता.

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. चपला न काढता मी आत घुसले, त्या मुलीच्या हातातला घास हिसकला, ताट उचललं आणि अंगणात फेकून दिलं. ताट घरंगळत जाऊन वृंदावनाला आपटलं. साहेब बोका ओटीवरून खाली पडला. सुलीने मला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. ती तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “आये, ही कोन गो?”

काकी स्वयंपाकघरातून धावत आली. मी तिच्यावरच ओरडले. तुम्ही शब्द दिला होता, माझी सही झालेली नाही, होणार नाही, एक पान पडणार नाही म्हणाला होतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याचा मला आणखी राग आला.

काकी म्हणाली, वाफ्यातलं पान नाही ते. तिने माझा हात धरला आणि मला घराच्या दुसऱ्या अंगाला नेलं. तिथे तात्याची जुनी होडी होती, पाण्यात न जाणारी. ती काठोकाठ मातीने भरलेली होती आणि त्या मातीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तांबडा माठ उभा होता. तात्या एका कडेला तण काढत बसला होता.

मी कोणाची समजूत न घालता आधी चौकशी सुरू केली. होडीला रंग कुठला? काही लाल रंगांत शिसं असतं. तात्याने मान हलवली. रंग नाही, काजूच्या टरफलांचं तेल, काकी म्हणाली. माती कुठली? टेकडीखालच्या कुणग्यातली. तीच, जी मी तुलनेसाठी नेली होती आणि जिचा निकाल चोख आल्याचं काकीला येऊन सांगितलं होतं. तेव्हा तात्या ओटीवर पाठ करून झोपला होता, निदान मला तसं वाटलं होतं. तिथून इथवर चढउताराची वाट. एका पाटीत किती माती मावते आणि एका होडीत किती, याचा हिशेब मी मनात करायला लागले आणि अर्ध्यावर सोडून दिला. या वयात, उन्हात, दोन महिने.

“पण तात्या,” मी म्हटलं, “तुम्ही तर म्हणता शिशाने काही होत नाही.”

तात्याने इकडेतिकडे बघितलं. बोका जवळपास नव्हता. मग तो तीन महिन्यांत पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलला.

“शिशानं काय व्हत नाय, ह्ये माजं मत हाय, बाई. पन पोरीच्या ताटात माजं मत कशाला वाढायचं?”

मी आत आले. सुली अजून पाटावर तशीच बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि अंगणात तिच्या जेवणावर कावळे तुटून पडले होते. तिने मला विचारलं, आता तरी जेवायला मिळेल का, मला भूक लागली आहे.

मी चपला काढल्या, हात धुतले, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि दुसऱ्या ताटात भाजी मीच वाढली. सुली जेवत होती. काकी दारात आणि तात्या तिच्या मागे उभा राहून बघत होता. ताट रिकामं झालं की मी पुन्हा वाढत होते. ती पुरे म्हणेना आणि मी थांबेना.